अक्का, तुझा लॅपटॉप मेला नव्हता

प्रिय अक्का,

काल मी काकांना ‘नाही’ म्हणालो. तोंडावर, आणि तेही नागरत्नासमोर. तू असतीस तर खुर्चीवरून पडली असतीस.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तू ट्रेनिंगसाठी हैदराबादला होतीस तेव्हा मी पाठवलेलं पत्र वाचून तू फोन केला होतास. “माधू, हे पत्र आहे की मातीचा रिपोर्ट? ओलावा किती आणि चुना किती, तेवढंच लिहायचं राहिलंय!” हेब्बाळच्या प्रयोगशाळेत दिवसभर माती तपासणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार? पण आज लिहायला बसलोय. तू गेल्यापासून घरात सगळे तुझ्याबद्दल एक खोटं बोलत होते. ते मी काल खोडून काढलं. ते आधी तुलाच सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे. खंडेनवमीला तुझ्या पाठीमागे घरात काहीतरी झालं होतं. ते न कळताच तू गेलीस, याचा मला फार राग येतो. कुणाचा ते विचारू नकोस. तुझाही येतो थोडा.

खोटं असं होतं: “अक्का जाताना तिचं मशीन बरोबर घेऊन गेली.”

सुरुवात काकांनी केली. तू गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी नागरत्ना नेहमीसारखी कामाला आली, पुढच्या खोलीत जाऊन तिनं तुझा लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. काही नाही. वायर लावून पुन्हा दाबलं. तरी काही नाही. दिवा नाही, आवाज नाही, पडदा काळाठिक्कर. काका दारात उभे होते. म्हणाले, “नेलं तिनं. जीव होता तिचा त्याच्यात.” झालं! मग भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायला लागला. बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, बघा, मुक्या यंत्रालाही कळतं.

मी गप्प बसलो. मी गप्पच बसतो. पण आतून जळत होतो, अक्का. तू काही घेऊन जाणारी होतीस का? लहानपणी माझी अर्धी पेन्सिल तुझ्या दप्तरात सापडली तर ती परत द्यायला शाळेत माझ्या वर्गापर्यंत आली होतीस. तू आपल्याबरोबर काहीही नेलं नाहीस. स्वतःचा चष्मासुद्धा नेला नाहीस.

तेराव्याला तुझ्या वस्तू दान द्यायच्या होत्या. छत्री, चपला, तांब्या, पांघरूण. काकांनी त्यात लॅपटॉपही आणून ठेवला! भटजींनी तो उलटसुलट करून बघितला. “हे काय आहे?” काका म्हणाले, “तिचं कामाचं यंत्र. आता चालत नाही.” भटजींनी लगेच बाजूला सारला. “बिघडलेली वस्तू दान देत नाहीत हो. चालू असती तर घेतली असती.” अक्का, चालत नव्हता म्हणून तो आपल्या घरात राहिला! तू हसत हसत खोकली असतीस.

आता तुझ्या कामाचं सांगतो, कारण मला ते खरं म्हणजे तू गेल्यावर समजलं. तू सांगायचीस तेव्हा मी हूं हूं करायचो आणि पेपर वाचायचो. त्याची खंत वाटते.

नागरत्नानं मला समजावलं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कॉफी पावडर पाकिटात भरणारं एक मशीन आहे. करंट गेला की ते मधेच थांबतं, आणि करंट आला की पहिल्यापासून सुरू होतं. अर्धं भरलेलं पाकीट तसंच पुढे सरकतं, दुसऱ्यावर दुप्पट पावडर पडते, पाती भलत्याच जागी कापते. आपल्या बेंगळुरात करंट जाण्याला काय तोटा? तू सरकारी कंपनीतली नोकरी सोडून नागरत्नाला बरोबर घेतलंस, आपल्या पुढच्या खोलीत टेबलं मांडलीस, आणि त्या मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायला लागलीस. करंट गेला तेव्हा आपण कुठे होतो हे मशीननं लक्षात ठेवायचं, आणि करंट आला की तिथून पुढे चालायचं. एवढंच. पण तेच कुणाला जमत नव्हतं.

शेवटच्या पंधरा दिवसांत तुला ते जमलं होतं. नागरत्ना सांगते, तू टाळी वाजवली होतीस. आणि ते जमलेलं सगळं फक्त त्या लॅपटॉपमध्ये होतं! फ्लॉपीवर जुनंच काम, त्यातली एक फ्लॉपी तर वाचताच येईना. अक्का, तू सगळ्या जगाला सांगत फिरायचीस, “दोन कॉप्या ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.” स्वतःच्या वेळी काय झालं होतं तुला? उद्या करू म्हणालीस ना? मला माहीत आहे, तेच म्हणाली असशील.

कारखान्याच्या मालकांनी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यानंतर कोइमतूरहून दुसऱ्यांचं बसवणार. ते काम गेलं असतं तर तुमची दोघींची कंपनी तिथेच संपली असती. दुसरं काम हातात नव्हतं.

आणि इकडे काका. त्यांनी पुढची खोली एका एसटीडी बूथवाल्याला द्यायची ठरवली. एक तारखेपासून. “बंद खोली घरात चांगली नाही. माणसांची ये-जा पाहिजे,” म्हणाले. मला विचारलं नाही. मला कोण विचारतं? मी मान डोलवणारा. बाबा गेल्यापासून काकांनी आपल्याला वाढवलं, शिकवलं, त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. शब्दाबाहेर जायचं काम तुझ्याकडे होतं.

नागरत्ना आणि मी लॅपटॉप घेऊन एस. पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गेलो होतो. तिथल्या एका दुकानदारानं मागचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, मान हलवली. “बोर्ड गेला. डिस्क काढून मद्रासला पाठवू या, महिना लागेल, आतलं मिळेल न मिळेल सांगता येत नाही.” नागरत्ना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पण मनात तुझं एक वाक्य घुमत होतं. आपला रेडिओ बंद पडला होता, आठवतं? मी मागचं झाकण काढायला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तू माझ्या हातावर चापट मारलीस. “माधू, भिंतीपासून सुरू कर. आधी भिंतीतला करंट बघ, मग पिन, मग वायर. भिंतीपासून आत ये. मधेच उडी मारू नको.” रेडिओत काही बिघाड नव्हता. भिंतीतला प्लग सैल होता.

एस. पी. रोडवरच्या दुकानानं काय केलं? सरळ आत उडी मारली.

म्हणून काल रविवारी सकाळी नागरत्नाला बोलावलं. ती आली, पण तिच्या चेहऱ्यावर काही आशा नव्हती. “सर, बूथवाला येण्याआधी सामान बांधायला बोलावलंत ना?” मी म्हणालो, “नाही. भिंतीपासून सुरू करायला बोलावलंय.” ती थोडी हसली. तिलाही तू ते वाक्य हजारदा ऐकवलं असणार.

भिंत. तुझा टेबललॅम्प त्या प्लगला लावला. पेटला. म्हणजे भिंत ठीक.

मग अडॅप्टर. प्लगमध्ये घातला की त्याच्यावरचा बारीक हिरवा दिवा लागतो. लागला. पण दिवा लागला म्हणजे करंट टोकापर्यंत पोचला असं नाही, असं नागरत्ना म्हणाली. तिनं खणातून तुझा मीटर काढला, त्याच्या काड्या वायरच्या टोकाला लावल्या. काटा उठला. करंट टोकापर्यंत येत होता.

मग बॅटरी. ती काढून ठेवली. नागरत्ना म्हणाली, मॅडम असंच करायच्या, सगळं सोडवून बटण थोडा वेळ दाबून धरायचं, आत अडकलेलं असेल ते निघून जातं. दाबून धरलं. बॅटरीशिवाय, नुसत्या वायरवर लावून बघितलं. काही नाही. बॅटरी परत घातली. काही नाही.

नागरत्ना टेबलावर कोपर टेकून बसली. “बोर्डच असेल, सर.”

मी म्हणालो, “वायरच्या टोकापर्यंत आलोय. आत अजून कुठे गेलोय? टोक आणि आत यांच्यामध्ये काय आहे?”

ती म्हणाली, “काय आहे? भोक आहे.”

भोक! कुणी बघितलं होतं ते? मी नाही, तिनं नाही, दुकानदारानं नाही. सगळ्यांनी त्यात वायर खुपसली आणि बटण दाबलं. मी वायर पुन्हा घातली, हळूच, आणि बोटाला कळलं की ती शेवटपर्यंत जात नाही. रुतायला हवी तशी रुतत नाही. मी लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला, टॉर्च मारली.

आत लाल दिसलं.

मला पहिल्यांदा वाटलं, गंज. मग दातकोरण्यानं हळूच खरवडलं. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांच्या नळ्या साफ करतो तसंच, घाई न करता. एक लाल दाणा बाहेर कागदावर पडला. त्याच्यामागून वाळलेल्या लेपाचे पिवळट तुकडे. कापसाला स्पिरिट लावून आत फिरवलं. कापूस केशरी झाला आणि खोलीत वास आला.

चंदनाचा.

नागरत्नानं तो दाणा बोटावर घेतला. “सर, ही तर अक्षत आहे!”

अक्का, कुंकू लावलेला तांदळाचा एक दाणा! आणि त्याच्यामागे गंध! तुझ्या यंत्राच्या नाकातोंडात!

भोक लख्ख झाल्यावर वायर घातली. आता ती शेवटपर्यंत गेली, खट् आवाज आला. लॅपटॉपच्या कडेला नारिंगी दिवा लागला. चार्ज होण्याचा तो दिवा. नागरत्ना उभी राहिली. मी बटणावर बोट ठेवलं, आणि खरं सांगतो, दाबायचं धाडस होईना. तिनंच दाबलं. आतून पंख्याची घरघर आली. टूं असा आवाज झाला. पडदा उजळला.

“बंतु!” नागरत्ना ओरडली. “सर, बंतु, बंतु!” आलं, आलं, असं म्हणत ती टेबलाभोवती नाचली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

पडद्यावर पहिल्यांदा तारीख आली. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मी घाबरलो. नागरत्ना म्हणाली, काही नाही, आतली छोटी बॅटरीही रिकामी झाल्यामुळे तो कालगणना विसरलाय, आजची तारीख टाकली की झालं. ती टाकायला लागली.

“थांब जरा,” मागून काका म्हणाले.

ओरडा ऐकून ते दारात येऊन उभे होते. चष्मा कपाळावर. पडद्याकडे बघत होते. “ऐंशी साल. ऐंशी साली मी हिला रोज स्कूटरवरून कॉलेजला सोडायचो. वर्गात ही एकटीच मुलगी. गेटपाशी उतरली की मागं न बघता चालायला लागायची. एकदा तरी बघ गं म्हणायचो मी मनात.”

तू कधी बघितलं नाहीस ना? बघायला हवं होतंस, अक्का. एकदा तरी.

मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं. लाल दाणा, गंधाचे तुकडे, केशरी कापूस. त्यांचा चेहरा बदलला. आणि मला खंडेनवमी आठवली.

ती तुलाही आठवत असेल. पाटावर लाल कापड, त्यावर आपल्या घराण्याची तलवार. पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीच तिची पूजा करायची, बायकांनी लांबून नमस्कार. आणि तू ऑफिसच्या खोलीतून लॅपटॉप आणून तलवारीशेजारी ठेवलास. काका म्हणाले, “हे काय?”

“माझं हत्यार.”

“हा डबा?” ते त्याला डबाच म्हणायचे. पहिल्या दिवशी तर विचारलं होतं, ह्यात किती जणांचं जेवण मावतं? “तलवारीशेजारी डबा! पूर्वज काय म्हणतील?”

“पूर्वजांनी तलवारीवर पोट भरलं. मी ह्याच्यावर भरते.”

त्यांनी तो उचलून जमिनीवर ठेवला. तू परत पाटावर ठेवलास. त्यांनी पुन्हा उचलला. तू पुन्हा ठेवलास, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, “चल माधू, नैवेद्याची ताटं वाढू.” आपण आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पूजा झाली होती. लॅपटॉप पाटावर होता, पण त्याच्यावर फूल नव्हतं, गंधाचा ठिपका नव्हता. झाकण कोरंच्या कोरं. तू नुसती ताटं खाली ठेवलीस. पण मी तुझा चेहरा बघितला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दुपारभर करंट नव्हता, तू बॅटरीवरच काम केलंस, मग डोकं दुखतंय म्हणून नुसतं झाकण मिटलंस. रात्री हॉस्पिटल. कोजागिरीच्या आत सगळं संपलं.

काकांनी तुझ्या हत्याराला गंध लावलं नाही, हे मनात घेऊनच तू गेलीस ना?

मी विचारलं, “काका, हे कुणी लावलं?”

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, दाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मी.”

“कधी?”

“तुम्ही दोघं आत होतात. तलवारीला गंध लावलं, अक्षता टाकल्या. बाजूला हा बसलेला. पाटावर बसलेल्याला उपाशी ठेवतात का रे? शत्रू बसला तरी वाढावं लागतं.”

“पण भोकात?”

“तलवारीला कुठं लावतो गंध? मुठीला. जिथून जोर येतो तिथं. ह्याला मूठ कुठंय? पोरीला तिथं वायर घालताना बघितलं होतं. म्हटलं, ह्याचा जोर इथून जातो आत. तिथंच लावलं, चांगलं दाबून लावलं. वर दिसू नये असंही होतं थोडं. दिसलं असतं तर ती म्हणाली असती, हरलात काका.”

नागरत्नाला मराठी येत नाही, तिच्याशी आम्ही कन्नडच बोलतो. पण तिला सगळं समजलं असावं, कारण ती तारीख टाकायची थांबली होती.

ऐकतेस ना, अक्का? त्यांनी लावलं होतं गंध. नुसतं लावलं नाही, घरातल्या कुणालाही सुचणार नाही अशा नेमक्या जागी लावलं. तुझ्या यंत्राचा जोर कुठून येतो हे त्यांनी कधीतरी दारात उभं राहून बघून ठेवलं होतं. तू त्यांना मूर्ख समजायचीस. आणि ते तुला हट्टी. दोघंही चुकलात आणि दोघंही बरोबर होतात. मला मधे ठेवून भांडत बसलात इतकी वर्षं!

काका खुर्चीत बसले. “म्हणजे मीच बंद पाडलं. माझ्याच हातानं. आणि वर जगाला सांगत सुटलो, ती घेऊन गेली.” त्यांनी केशरी कापूस उचलून हातात धरला. “माझंच गंध आडवं आलं.”

मला कळलं की ते आता लॅपटॉपबद्दल बोलत नाहीयेत.

मी आयुष्यात काकांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. काल ठेवला. म्हणालो, “अक्काच्या डोक्यातली नस फुटली. डॉक्टरांनी सांगितलंय, ती कधीही फुटली असती. तिचा आणि ह्या गंधाचा काही संबंध नाही. आणि हा मेलाच नव्हता, काका. उपाशी होता. पोटात जात नव्हतं, एवढंच.”

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, “म्हणूनच सांगतो माधू, खोली देऊन टाकू. बूथवाल्याला शब्द दिलाय. मला हे सगळं बघवत नाही रे.”

आणि मी म्हणालो, “नाही.”

“काय म्हणालास?”

“नाही म्हणालो. खोली द्यायची नाही.”

“मी शब्द दिलाय.”

“मी जाऊन सांगतो त्याला. दुसरी जागा बघ म्हणावं. काका, तुम्ही ह्याला पाटावर जेवू घातलंत. पाटावर बसलेल्याला उठवत नाहीत.”

असं मी म्हणालो, अक्का! मी! कुठून आलं ते मला माहीत नाही. नागरत्ना एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. काका माझ्याकडे बघत राहिले, अगदी तुझ्याकडे बघायचे तसे, आणि मग उठून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं तीन पेले कॉफी घेऊन स्वतः बाहेर आले. एक नागरत्नासमोर ठेवून म्हणाले, “तारीख टाक बाई आता. ऐंशी सालात किती वेळ बसणार?” तेवढं मात्र कन्नडमध्ये.

तुझं काम जसंच्या तसं होतं. नागरत्नानं आधी काय केलं असेल सांग? दोन कॉप्या केल्या. एक तिनं घरी नेली, एक मी माझ्या कपाटात ठेवली.

आज मी हेब्बाळला रजा टाकली आणि तिच्याबरोबर बोम्मसंद्र्याला गेलो. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. होसूर रोडवर प्रत्येक खड्ड्याला मी तो उचलून धरायचो, आणि शेजारचा माणूस विचारायचा, “मूल आहे का आत?” कारखान्यात कॉफीचा असा वास की डोकं भरून येतं. नागरत्नानं लॅपटॉपची वायर मशीनच्या पेटीला जोडली. बराच वेळ तुझा प्रोग्रॅम त्यात उतरवत होती. मालक हात मागे बांधून उभे. त्यांना तू नसताना काही होईल असं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. मशीन सुरू झालं. पाकीट खाली येतं, पावडर पडते, तोंड बंद होतं, पाती कापते. एक, मग दुसरं, मग तिसरं. चांगलं चाललं होतं.

मालक भिंतीपाशी गेले आणि एका पाकिटात पावडर पडत असतानाच त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

सगळं थांबलं. अर्धं भरलेलं पाकीट तसंच लोंबकळत राहिलं. अक्का, इतका शांत कारखाना मी कधी ऐकला नव्हता. नागरत्नानं माझी बाही घट्ट धरली होती.

त्यांनी स्विच वर केला.

मशीन क्षणभर काहीच करेना. मग खडखडलं. तेच पाकीट, तिथूनच, उरलेली पावडर पडली. तोंड बंद झालं. पाती बरोबर जागी पडली. मालकांनी पाकीट उचललं, तराजूवर ठेवलं, वाकून काटा बघितला. पुन्हा स्विच ओढला, पुन्हा वर केला. पुन्हा. चौथ्यांदा ओढायला गेले तेव्हा नागरत्ना म्हणाली, “सर, अजून बघायचंय?”

“सरी,” ते म्हणाले. ठीक आहे. एवढंच. पण आणखी दोन मशीनं आहेत, त्यांनाही बसवा, असं निघताना सांगितलं.

बाहेर आल्यावर नागरत्ना रडली. मी नाही. मला रडायला येत नव्हतं, उलट कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं. तू मेलीस, आणि तू शिकवलेलं ते मशीन आपण कुठे होतो हे विसरत नाही! करंट कितीदाही जाऊ दे! मग कोण म्हणतं तू सगळं घेऊन गेलीस? समोर येऊन म्हणू दे!

घरी आलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. बूथवाल्याला सकाळीच जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं होतं, मला जाऊ दिलं नाही. वर म्हणाले, “शब्द मी दिला, मोडायचा तरी मीच.” मग माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, “डबा जेवला?”

म्हणालो, “पोटभर.”

आता तुला शब्द देतो. पुढच्या खंडेनवमीला तुला जाऊन वर्ष पुरं झालेलं नसेल. काही दिवस कमी पडतील. भटजी म्हणतील, वर्षाच्या आत घरात पूजा नाही. नातेवाईक येऊन सांगतील, माधू, तुला कळत नाही का? कळतं. तरी मी पाट मांडणार. लाल कापड घालणार, तलवार ठेवणार, आणि शेजारी तुझा लॅपटॉप. पूजेला नागरत्नाला बसवणार, तुझ्या हत्यारावर आता तिचा हात चालतो म्हणून. काका बोलले तर बोलू देत. मला वाटतं ते बोलणार नाहीत. गंधाची वाटी तेच पुढे करतील.

गंध यावेळी झाकणावर लावायचं, ठसठशीत, सगळ्यांना दिसेल असं. भोकात आधी कापूस घालून ठेवेन.

भिंतीपासून आत आलेला,
तुझा धाकटा
माधू